कीड-प्रतिकारक साग: रोप घेण्यापूर्वी काय तपासावे?

नंदाखाल, आगाशी परिसरात वाडीच्या बांधावर किंवा पडीक तुकड्यावर साग लावायचा विचार केला, की रोपांचे अनेक पर्याय समोर येतात: बियांपासूनची रोपे, जड्या, कलमे, टिश्यू कल्चरची रोपे. त्यांतल्या काही रोपांसोबत ‘याला कीड लागत नाही’ असा शब्दही दिला जातो. भाताचे किंवा भेंडीचे बियाणे फसले तर एक हंगाम जातो. सागाचे रोप फसले तर ते कळेपर्यंतच पाच-सात वर्षे जातात आणि जमीन वीस-पंचवीस वर्षे अडकून राहते. म्हणून हा शब्द कितपत खरा असू शकतो, हे पैसे देण्यापूर्वी समजून घ्यावे.

थोडक्यात

- सागाच्या झाडाझाडांत किडीला तोंड देण्याच्या क्षमतेत फरक असतो. मात्र ‘अजिबात कीड न लागणारा साग’ अशी जात उपलब्ध नाही.
- पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी येणाऱ्या दोन अळ्या वेगळ्या आहेत. एकीपासून वाचलेले झाड दुसरीपासून वाचेलच असे नाही.
- टिश्यू कल्चर ही रोपे तयार करण्याची पद्धत आहे. तिच्यामुळे रोपात प्रतिकारशक्ती येत नाही.
- संपूर्ण लागवड एकाच क्लोनची करू नये.
- आपल्या बांधावरची झाडे तीन वर्षे नोंद ठेवून पाहिली, तर चांगली झाडे तुम्हालाही ओळखता येतात.

टिकाऊ लाकूड म्हणजे कीड-प्रतिकारक झाड नव्हे

‘सागाला वाळवी लागत नाही, मग अळी कशी लागेल?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. सागाच्या आतल्या तपकिरी लाकडात टेक्टोक्विनोनसारखी रसायने असतात. त्यांच्यामुळे वाळवी त्या लाकडापासून दूर राहते. पण हा गुण पक्क्या लाकडाचा आहे. बाहेरच्या पांढुरक्या लाकडात तो नसतो आणि पानांचे रसायन तर वेगळेच असते. म्हणूनच ज्या झाडाच्या फळीला घरात शंभर वर्षे काही होत नाही, त्याच झाडाची पाने जुलैमध्ये आठवड्याभरात फस्त होऊ शकतात.

सागाच्या दोन प्रमुख अळ्या

*१. पाने खाणारी अळी (हायब्लिया प्युएरा).* हिची मादी पतंग कोवळ्या पानांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेल्या लहान अळीला कोवळे पानच लागते. ती पानाची कड कापून घडी घालते आणि त्या घडीत राहून खाते. मोठ्या अळ्या मुख्य शिरा सोडून सारे पान खातात. अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास उबदार दमट हवेत साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होतो. म्हणून पालवी फुटणे आणि पाऊस सुरू होणे यांची गाठ पडली की उद्रेक होतो.

या किडीचे पतंग दूरवर उडत जातात. शिवाय ती फक्त सागावर जगत नाही. मुंबई परिसरातल्या खाड्यांमधील तिवरांची पाने याच जातीच्या अळ्यांनी फस्त केल्याच्या नोंदी आहेत. वसईच्या पट्ट्यालाही खाडी आणि तिवरे लागूनच आहेत. त्यामुळे आपल्या वाडीतली कीड मारून ती परिसरातून संपेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

*२. पानांची जाळी करणारी अळी (युटेक्टोना मॅकेरॅलिस).* ही जून पानांवर येते. पानाचा हिरवा भाग खरवडून खाते आणि शिरांचे जाळे तेवढे शिल्लक ठेवते. पावसाळा सरताना टेकड्यांवरचा साग लांबून करपल्यासारखा तपकिरी दिसतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच अळी असते.

नुकसान दोघींचे सारखे नसते. केरळमधील पीची येथील केरळ वन संशोधन संस्थेने निलांबूरच्या तरुण साग लागवडीत कीटकशास्त्रज्ञ के. एस. एस. नायर यांच्या नेतृत्वाखाली पाच वर्षे मोजमाप केले. त्यात पाने खाणाऱ्या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के वाढ बुडाल्याचे दिसले. झाडे मेली नाहीत, फक्त जाडीत मागे पडली. जाळी करणाऱ्या अळीमुळे मात्र तेथे लक्षणीय तूट आढळली नाही, कारण तिचा हल्ला होतो तेव्हा पानांचे बरेचसे काम उरकलेले असते. मध्य भारतात ही दुसरी अळी लवकर आणि जोरात आली, तर ती त्रासदायक ठरते.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. कुणी ‘कीड-प्रतिकारक’ म्हटले, की पहिला प्रश्न हा असावा: कोणत्या किडीला?

प्रतिकार चार प्रकारचा असतो

- नावड: पतंग त्या झाडावर अंडी कमी घालतात. पानाची लव, जाडी किंवा वास यांमुळे असे होऊ शकते.
- अपाय: अळी पान खाते, पण पोसली जात नाही. ती उशिरा वाढते, लहान राहते किंवा मरते.
- सहनशीलता: झाड खाल्ले जाते, पण लवकर पालवते आणि शेंडा सरळ ठेवते. लाकडासाठी लावलेल्या झाडात या गुणाला मोठी किंमत आहे.
- वेळ चुकवणे: झाड शेजाऱ्यांपेक्षा लवकर पालवते. पतंग येतात तेव्हा त्याची पाने जून झालेली असतात आणि लहान अळीला ती चावत नाहीत.

उद्रेकात वाचलेल्या सागाच्या झाडांचा शोध केरळमध्ये घेतला गेला, तेव्हा शेवटचा प्रकार ठळकपणे पुढे आला. कर्नाटक-केरळात ‘तेली’ नावाने ओळखला जाणारा, लवकर पालवणारा साग हे त्याचे उदाहरण. वाचलेल्या इतर अनेक झाडांची पाने अळ्यांना प्रत्यक्ष खायला दिली, तर त्या ती नेहमीसारखीच खातात. म्हणजे ते झाड त्या वर्षी योगायोगाने सुटलेले असते.

वेळ चुकवण्याच्या गुणालाही दोन मर्यादा आहेत. एक, तो जून पाने खाणाऱ्या दुसऱ्या अळीविरुद्ध उपयोगी पडत नाही. दोन, लवकर पालवी फुटणे नेहमी वारशानेच येते असे नाही. वाडीतल्या पाटाशेजारी किंवा बावखलाच्या काठी उभ्या सागाला उन्हाळ्यात ओल मिळते, म्हणून तो कोरड्या बांधावरच्या सागाआधी पालवू शकतो. अशा झाडाचे बी किंवा कलम कोरड्या जागी लावले, तर तो गुण दिसणारच नाही.

सागात प्रतिकारक वाण काढणे अवघड का?

भाताचा पैदासकार एका वर्षात दोन पिढ्या पाहू शकतो. सागाला फुलोरा यायलाच काही वर्षे लागतात. लाकडाचा हिशेब तर त्याहून फार उशिरा लागतो. भारतात सागाच्या सुधारणेचे पद्धतशीर काम १९६०च्या दशकात सुरू झाले. एस. केदारनाथ आणि जे. डी. मॅथ्यूज यांनी १९६२ मध्ये निवड आणि पैदाशीची रूपरेषा मांडली. राज्याराज्यांत ‘सरस झाडे’ निवडून त्यांच्या डोळ्यांची कलमे बांधली गेली आणि बीजोद्याने उभी राहिली. महाराष्ट्रातील जंगलांतलीही झाडे त्यासाठी निवडली गेली.

मात्र ही निवड सरळ व उंच खोड, जाडी आणि कमी फांद्या यांवर झाली होती. कीड हा त्या वेळी मुख्य निकष नव्हता. म्हणून ‘सुधारित साग’ किंवा ‘बीजोद्यानातील साग’ या शब्दांचा अर्थ प्रामुख्याने चांगले खोड असा घ्यावा. कीड-प्रतिकार त्यात आपोआप येत नाही.

कीड-प्रतिकारासाठीचे काम साधारण पुढील टप्प्यांनी जाते:

1. उद्रेकात कमी खाल्लेली झाडे हेरायची आणि ती सलग काही वर्षे तशीच राहतात का ते पाहायचे.
2. त्यांची पाने प्रयोगशाळेत अळ्यांना देऊन खरा प्रतिकार आणि योगायोग वेगळा करायचा.
3. प्रत्येक झाडाची अनेक कलमे करून ती वेगवेगळ्या जागी, इतर क्लोनांमध्ये मिसळून लावायची. एकाच झाडाच्या सर्व प्रती सगळीकडे कमी खाल्ल्या गेल्या, तर तो गुण जमिनीचा किंवा ओलीचा नसून त्या झाडाचा आहे असे म्हणता येते.
4. बियांपासूनच्या संततीत तो गुण किती उतरतो ते मोजायचे.
5. एवढे करून खोड सरळ आहे का, वाढ चांगली आहे का, हे पुन्हा तपासायचे. अळी न खाणारे पण खुरटे झाड शेतकऱ्याच्या उपयोगाचे नाही.

जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र येतो. तेथील कीटकशास्त्रज्ञांनी सागाच्या क्लोनांची या दोन्ही अळ्यांसाठी तुलना केली आहे. क्लोनाक्लोनांत फरक मिळतो, म्हणजे निवडीला वाव आहे. पण हा फरक ‘कमी खाल्ला’ आणि ‘जास्त खाल्ला’ असा असतो. ‘खाल्ला’ आणि ‘अजिबात खाल्ला नाही’ असा नसतो. शिवाय मध्य भारतातल्या हवेत पाहिलेला क्लोन आपल्या किनाऱ्यावर, खाऱ्या वाऱ्यात आणि रेताड जमिनीत तसाच वागेल, हे इथे लावून पाहिल्याशिवाय ठरत नाही.

सुबाभळीचा धडा

झाडांमध्ये कीड-प्रतिकार का महत्त्वाचा, हे महाराष्ट्राने सुबाभळीच्या निमित्ताने अनुभवले आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरळी कांचन येथे स्थापन केलेल्या बायफ संस्थेने चारा आणि सरपणासाठी सुबाभळीचा मोठा प्रसार केला. हवाईतून आलेले के-८ सारखे उंच वाढणारे वाण त्यात आघाडीवर होते. झाड झपाट्याने वाढे, शेळ्या आवडीने खात आणि कीड जवळजवळ नव्हतीच.

कीड नव्हती, याचे कारण ती अजून इथे पोहोचली नव्हती. सुबाभूळ मूळची मध्य अमेरिकेकडची आणि तिच्यावर जगणारा सायलिड हा बारीक रसशोषक किडाही तिकडचाच. तो १९८४ मध्ये हवाईत, नंतर फिलिपाइन्स व इंडोनेशियात आणि १९८८ मध्ये दक्षिण भारतात आला. कोवळे शेंडे पिवळे पडून गळू लागले आणि चाऱ्याचा भाग नेमका तोच होता.

नुकसान इतके सर्वदूर होण्यामागे एक कारण होते. सुबाभळीत स्वपरागण होते आणि देशोदेशी लावलेली झाडे मोजक्याच वाणांची होती. म्हणजे लाखो झाडे, पण वंश जवळजवळ एकच. एकाला जे झाले ते सगळ्यांना झाले.

उत्तर शोधताना पैदासकार सुबाभळीच्या भावकीकडे वळले. ल्युकेना पॅलिडा आणि ल्युकेना कॉलिन्सी या जाती या किडीला चांगल्या प्रतिकारक निघाल्या. हवाई विद्यापीठात जेम्स ब्रूबेकर यांच्या कामातून पॅलिडा आणि नेहमीची सुबाभूळ यांचा केएक्स-२ हा संकर तयार झाला. त्याचीही किंमत मोजावी लागली: पॅलिडाच्या पाल्यात टॅनिन जास्त असते, त्यामुळे चारा म्हणून तो डावा पडतो. दुसरीकडे भारतात कुरिनस नावाचा ढालकिडा आणून सोडण्यात आला. तो सायलिड खातो. म्हणजे प्रतिकारक वाण आणि मित्रकीटक या दोन्ही वाटा सोबतच चालल्या.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, ‘आजवर कीड आली नाही’ याचा अर्थ ‘कीड येणार नाही’ असा होत नाही. दोन, लागवडीतला वंश जितका अरुंद, तितका धोका मोठा. निलगिरीतही हेच घडले. गाठी करणारी लेप्टोसायबी ही चिमुकली गांधीलमाशी या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात आली, तेव्हा काही क्लोन गाठींनी भरून गेले आणि काही क्लोन शेजारीच जवळजवळ स्वच्छ राहिले. ज्यांच्याकडे अनेक क्लोन होते, त्यांना निवडीला जागा उरली.

महोगनी लावणार असाल तर

सागासोबत हल्ली महोगनीचीही विचारणा वाढली आहे. महोगनीचा मुख्य शत्रू शेंडा पोखरणारी अळी (हिप्सिपायला) हा आहे. ती शेंड्यात शिरते, शेंडा वाळतो, खालून तीन-चार फुटवे येतात आणि सरळ खोडाऐवजी झुडूप तयार होते. भारतात हिप्सिपायला रोबस्टा ही जात आहे. तुणीवरही तीच येते. अमेरिका खंडात हिप्सिपायला ग्रँडेला ही वेगळी जात आहे.

येथे एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट ध्यानात घ्या. आपली तुणी कोस्टा रिका-ब्राझीलकडे लावली, तर तिथली अळी तिला फारसा त्रास देत नाही. इथे मात्र तीच तुणी आपल्या अळीला बळी पडते. म्हणजे परदेशात ‘प्रतिकारक’ ठरलेले झाड आपल्याकडे प्रतिकारक असेलच असे नाही, कारण कीडच वेगळी आहे. तेव्हा महोगनीच्या जाहिरातीत परदेशी लागवडीचे दाखले असतील, तर त्यांना मर्यादित किंमत द्या.

कोस्टा रिकातील तुरियाल्बा येथील काटिए संस्थेत महोगनीच्या भावकीतल्या सेड्रेला या झाडावर बरीच निवड झाली. तिथे उपयोगी ठरलेला एक गुण सहनशीलतेचा आहे: शेंडा मेल्यावर जे झाड पटकन एकच जोमदार फुटवा वर काढते, ते पुढे सरळ खोड देते. घाना देशात इरोको या मौल्यवान लाकडाच्या झाडावर गाठी करणाऱ्या किडीसाठीही अशीच निवड झाली. रोपवाटिकेत किडीसमोर रोपे उघडी ठेवून कमी गाठी येणारी झाडे निवडली आणि छाटकलमांनी वाढवली. तरीही ती इतर झाडांच्या सावलीत, मिश्र लागवडीत लावावीत असाच सल्ला संशोधकांनी दिला. केवळ वाणावर भिस्त त्यांनीही ठेवली नाही.

एकच क्लोन का नको?

समजा, खरोखर चांगला प्रतिकारक क्लोन मिळाला. मग सगळी लागवड त्याचीच का करू नये?

भाताचे उदाहरण घेऊ. तपकिरी तुडतुड्याला प्रतिकारक असा आयआर-२६ हा वाण आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ मध्ये दिला. तो मोठ्या क्षेत्रावर गेला आणि दोन-तीन वर्षांतच त्यावर जगू शकणारे तुडतुडे वाढले. भातात पुढच्या हंगामाला वाण बदलता आला. सागात तो मार्ग बंद असतो. तुमचे झाड २५ वर्षे जागेवर उभे राहणार आणि त्या काळात अळीच्या कितीतरी पिढ्या होऊन जाणार. प्रत्येक पिढीत नव्या झाडाशी जुळवून घेण्याची संधी किडीकडे असते, झाडाकडे नसते.

म्हणून लागवडीत वेगवेगळ्या वंशाची झाडे मिसळावीत. क्लोन घ्यायचेच असतील तर पाच-सहा वेगवेगळे घ्यावेत आणि त्यांच्या सलग ओळी न करता मिसळून लावावेत. बियांपासूनच्या रोपांत ही विविधता मुळातच असते. सागासोबत आंबा, फणस, जांभूळ, बांबू अशी झाडे बांधावर असतील, तर उत्तमच.

रोपवाटिकेत विचारायचे प्रश्न

1. हे रोप बियांचे, जडीचे, कलमाचे की टिश्यू कल्चरचे?
2. बी किंवा मातृवृक्ष कोठचा? बीजोद्यानाचे वा क्षेत्राचे नाव मिळेल का?
3. क्लोन असेल तर त्याचे नाव किंवा क्रमांक काय? एकूण किती क्लोन दिले जात आहेत?
4. प्रतिकार कोणत्या किडीला? पाने खाणाऱ्या अळीला की जाळी करणाऱ्या अळीला?
5. चाचणी कोठे झाली, किती वर्षे चालली, कोणत्या संस्थेने केली?
6. कोकणात या रोपांची पाच वर्षांहून जुनी लागवड कोठे पाहता येईल?
7. हे सर्व पावतीवर लिहून मिळेल का?

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ‘प्रतिकारक’ या शब्दासाठी जादा पैसे देऊ नयेत. रोप इतर दृष्टीने चांगले असेल तर साध्या दराने घेण्यास हरकत नाही. ‘कीडमुक्त’ आणि ‘कीड-प्रतिकारक’ यांची गल्लतही टाळा. कीडमुक्त रोप म्हणजे आज त्यावर कीड नाही, एवढेच.

आपल्या बांधावरची निवड: तीन वर्षांची नोंद

तुमच्याकडे किंवा गावात दहा-वीस साग उभे असतील, तर हे काम वहीवर करता येते.

- प्रत्येक झाडाला रंगाने क्रमांक द्या. जागा लिहा: पाटाजवळ, बावखलाजवळ, कोरडा बांध, सावली.
- पालवी फुटल्याची तारीख नोंदवा.
- जून ते ऑगस्ट दर दहा दिवसांनी आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर दर पंधरा दिवसांनी झाड पाहून गुण द्या:
  - ० – खाल्लेले नाही
  - १ – पाव भागापर्यंत पाने खाल्लेली
  - २ – पाव ते अर्धा भाग
  - ३ – अर्धा ते पाऊण भाग
  - ४ – पाऊण भागाहून जास्त
- नवी पालवी किती दिवसांनी आली आणि शेंडा शाबूत राहिला का, तेही लिहा.
- वर्षातून एकदा छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा.

एका वर्षाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. शेजारची झाडे ३-४ गुणांवर असताना जे झाड तिन्ही वर्षे ०-१ वर राहते, त्याकडे लक्ष द्या. उद्रेकच नसलेल्या वर्षाची नोंद या कामी उपयोगाची नाही.

मग साधी चाचणी करा. वाचलेल्या झाडाचे आणि खाल्लेल्या झाडाचे एकाच वयाचे कोवळे पान वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. दोन्हींत सारख्याच आकाराच्या पाच-पाच अळ्या सोडा, डब्याला जाळीचे झाकण लावा आणि दोन दिवस पाहा. दोन्ही पाने सारखीच संपली, तर ते झाड वेळेमुळे किंवा योगायोगाने वाचले आहे. एका डब्यातल्या अळ्या खायला नाखूश दिसल्या, तर चाचणी तीन-चार वेळा पुन्हा करा आणि तज्ज्ञांना कळवा.

अशा झाडाचे बी घेताना एक मर्यादा ओळखून असा. सागाचे परागीभवन कीटकांमार्फत होते आणि बहुतेक बी परपरागणाचे असते. म्हणजे आई तुम्ही निवडली, बाप कोण हे माहीत नाही. संततीत गुण अर्धवट उतरेल. झाडाचा गुण जसाच्या तसा हवा असेल तर डोळा भरून कलम करावे लागते.

प्रतिकारक रोप हाती येईपर्यंत

- पहिली पाच वर्षे झाड जपा. शेंड्याचा कोंब अळीने खाल्ला तर खोडाला दुबेळके फुटते आणि इमारती लाकडाची किंमत घटते. अशा वेळी एकच सरळ फुटवा ठेवून बाकीचे काढा. महोगनीलाही हेच करा.
- अळ्या लहान असतानाच पाहणी करा. घडी घातलेली पाने दिसली आणि झाड हाताच्या टप्प्यात असेल, तर पाने तोडून नष्ट करा.
- फवारणी गरजेची वाटल्यास बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) या जैविक कीडनाशकाचा विचार करावा. ते लहान अळ्यांवर चालते. वापरापूर्वी लेबल पाहून कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. केरळ वन संशोधन संस्थेने याच अळीला मारणाऱ्या विषाणूवरही काम केले आहे.
- मोठ्या झाडांवर रासायनिक फवारणी टाळा. औषध शेजारच्या पानवेलीवर, भाजीवर, फुलांवर आणि बावखलाच्या पाण्यात जाते. अळ्या खाणारे पक्षी, कोळी आणि परोपजीवी कीटकही त्यात जातात.
- ऑक्टोबरात पानांची जाळी झालेली दिसली, तर घाबरून खर्च करू नका. पाने थोड्याच दिवसांत गळणार असतात.
- खराब झाड काढण्याआधी परवानगीची चौकशी करा. साग हा १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमातील अनुसूचित वृक्ष आहे. झाडांची नोंद सात-बारावर करून ठेवणे हिताचे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

उद्रेकाच्या वेळी पंचनाम्यासारखी फक्त नुकसानीची नोंद न करता, त्या तुकड्यात हिरवी राहिलेली झाडे कोणती, हेही लिहून ठेवावे. पैदासकाराला हवी असलेली झाडे तीच असतात आणि उद्रेक ओसरला, सगळीकडे नवी पालवी आली, की ती ओळखता येत नाहीत. छायाचित्र, तारीख, जागा आणि शेजारच्या झाडांचे गुण एवढी माहिती पुरेशी आहे. अशी नोंद डहाणू तालुक्यातील कोसबाड हिल येथील कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील वनशास्त्र महाविद्यालयाकडे पाठवता येईल.

नेहमीचे प्रश्न

*टिश्यू कल्चर साग घ्यावा की नाही?*
घेता येतो. रोपे एकसारखी वाढतात, हा फायदा आहे. पण ज्या झाडापासून ऊती घेतली त्याचे गुण आणि दोष दोन्ही सर्व रोपांत येतात. एकाच क्लोनची शंभर रोपे घेण्यापेक्षा थोडी क्लोनची आणि थोडी चांगल्या बियांची घ्या.

*पाने पूर्ण खाल्ली गेली. झाड मेले का?*
बहुधा नाही. निरोगी साग दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पालवतो. तोडू नका. नवी पालवी येत असताना मात्र लक्ष ठेवा, कारण तीही कोवळीच असते आणि पतंगांची पुढची पिढी तिच्यावर येऊ शकते.

*आमच्या गावात साग कमी आहे, तरी कीड येईल का?*
येऊ शकते. पतंग बाहेरून उडत येतात आणि या किडीला सागाशिवाय इतर झाडेही चालतात. झाडे कमी व मिसळलेली असतील, तर नुकसान एकाच तुकड्यात साचण्याची शक्यता कमी राहते.

*यंदा लागवड करायची आहे. नेमके काय करू?*
खात्रीच्या सरकारी किंवा नोंदणीकृत रोपवाटिकेतून, बियांचा उगम विचारून रोपे किंवा जड्या घ्या. क्लोन घेतलेच तर एकापेक्षा जास्त घ्या. लावताना प्रत्येक रोपाचा उगम आणि जागा वहीत लिहा. पाच वर्षांनी पहिला मोठा उद्रेक येईल, तेव्हा कोणते रोप कोठून आणले होते हे त्या वहीतूनच कळेल आणि पुढची लागवड कोणत्या झाडांपासून करायची, हेही ठरवता येईल.